सुपारीएवढी ग्रंथी

आप्पा,

आज मंगळवार, ११ मार्च १९८६. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झालीत. मी इकडे परदेशात, चँडलर गावात, एका मूत्रविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात बसून काकांची वाट बघतोय. तुमचे धाकटे भाऊ आत गेलेत. जाताना त्यांनी घड्याळ आणि चष्मा माझ्या हातात दिला, जसं काही पोहायलाच निघालेत. गाडीत ते दोनदा म्हणाले होते, "कॅन्सल करू या का रे?" त्यामुळे माझं सगळं लक्ष त्या दाराकडे आहे. ते मध्येच उठून बाहेर आले, तर पुन्हा इथे यायचे नाहीत. समोरचं मासिक उलटसुलट चाळून झालं, दोनदा पाणी पिऊन आलो, शेवटी काउंटरवरच्या मुलीकडून कागद मागून घेतले.

मी इथे काय काम करतो ते तुम्हाला ठाऊक नाही. वैद्यकीय कॉलेजांना शिकवायला लागणारे शरीराचे नमुने बनवायचा कारखाना आहे. नववीत शाळा सुटलेल्या मुलाला इथे कोण उभं करणार, असं काका म्हणायचे. पण साच्यातून काढलेल्या तुकड्यावर केसाएवढी निळी शीर मी एका दमात ओढली आणि सुपरवायझर बाईंनी लगेच ठेवून घेतलं. तो हात तुमचा. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना श्वास कुठे धरायचा, ते तुम्हीच शिकवलंत. एकदा भुवई जाड झाली म्हणून तुम्ही मला दिवसभर ब्रश धरू दिला नव्हतात, तेही आठवतं.

जानेवारीपासून माझ्या टेबलावर पुरुषाचं ओटीपोट आहे, मधोमध उभं कापलेलं. मूत्राशयाच्या खाली, अगदी तोंडाशी, सुपारीहून थोडी मोठी अशी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. मराठीत पुरःस्थ ग्रंथी, हे मी काकांच्या शब्दकोशात पाहून ठेवलं. लघवीची नळी मूत्राशयातून निघते ती हिच्या आरपार जाते, मण्यातून दोरा जावा तशी. मागून वीर्याच्या दोन बारीक नळ्या येतात आणि हिच्या आतच त्या मोठ्या नळीला मिळतात. दुधासारखा पातळ रस तयार करायचा, हे हिचं काम. तो वीर्यात मिसळतो आणि बीज त्याच्या आधाराने तगून पुढे जातं. हिच्या लगेच मागे गुदाशय असतो, म्हणून डॉक्टर तिथून बोटाने चाचपून ही केवढी झालीय ते सांगतात. तुम्हाला हे लिहिताना माझे कान गरम होतायत. आपल्या घरात या भागाला नावच नव्हतं.

फेब्रुवारीत जोडीची ऑर्डर आली. एक निरोगी, एक वाढलेली. मी आपल्या पद्धतीने गेलो. मूर्तीचं पोट मोठं करायचं तर आपण वरून शाडू चढवतो, तसं मी ग्रंथीवर बाहेरून मेण चढवलं, गोल घोटलं. बाईंनी ते उचललं आणि नळीत एक तार सारली. तार सरळ खाली आली.

"तुझा पेशंट मजेत आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, दुप्पट केलीय."

"बाहेरून केलीस. वय वाढतं तशी ही नळीच्या भोवतीनं वाढते, आतल्या अंगाला. वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि आतला रस्ता मिटत जातो. काढ ते सगळं आणि आतून भर."

मी आतून भरत गेलो. नळीची नुसती चीर उरली. मग वरच्या मूत्राशयाचं काय होतं, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, जोर लावून लावून त्याची भिंत जाड होते. आणि एक दिवस जोर संपला, की ते भरत राहतं, फुगतं, पार बेंबीपर्यंत.

मला तेरा वर्षांपूर्वीचा तो दिवस दिसला. तुम्ही खाटेवर उताणे पडला आहात. ओटीपोट तट्ट फुगलंय, कपाळावर घाम आहे. आई वाटीत हिंग कालवून तुमच्या बेंबीभोवती लावतेय. वारा धरलाय, असं सगळे म्हणतायत. त्याआधी कित्येक महिने तुम्ही आपल्या गणपतीच्या कारखान्यामागच्या भिंतीला एक हात टेकून उभे राहायचात, बराच वेळ, आणि मी रंगाची वाटी धरून दारात. पाणी कमी प्या, असं आई सांगायची आणि तुम्ही ऐकायचात. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून सिव्हिलला नेलं. त्यांनी रबरी नळी घातली, पण मूत्रपिंडं कामातून गेली होती. तुम्ही राहिला नाहीत. काकांना कळवलं ते 'पोटाच्या विकाराने' एवढंच.

काकांनी ते मनावर घेतलं. घराण्यात पोटाचा रोग आहे, असं धरून ते गेली तेरा वर्षं अळणी खातायत. आणि इकडे बाथरूममध्ये नळ सोडून उभे असतात. कुठेही निघालो की वाटेतले पेट्रोल पंप त्यांना पाठ. ऑफिसात पाणी पीत नाहीत. काकू मूळच्या नागपूरच्या. त्या मला म्हणाल्या, "आत जाऊन काय करून राहिले, देव जाणे. डॉक्टर म्हटलं की खेकसतात. तू बोल ना."

मी काय बोलणार? त्यांच्यासमोर मी अजून मांडी ठोकून बसत नाही. शेवटी बाईंना विचारून दोन्ही नमुने एका रविवारी घरी आणले.

"जेवणाच्या टेबलावर नको रे बाबा," काकू म्हणाल्या आणि स्वतःच खाली जुना टॉवेल पसरला.

"हा कॉलेजात गेला नाही तेच बरं," काका म्हणाले. "अख्खा माणूस घेऊन आला असता."

मी तार त्यांच्या हातात दिली. ते इंजिनिअर, त्यांना राहवलं नाही. पहिल्यात तार खाली उतरली. दुसऱ्यात अडली. त्यांनी फिरवून पाहिली, दुसऱ्या टोकाने पाहिली.

"क्लिअरन्सच नाही ठेवलास यात."

"यात तो नसतोच, काका. मग वरचं हे फुगतं, बेंबीपर्यंत. आप्पांचं फुगलं होतं. आई हिंग लावत होती."

त्यांनी तार खाली ठेवली. "दादाचं पोटाचं होतं ना?"

"पोटाचं नव्हतं."

मग काकू म्हणाल्या, "आणि मी तेरा वर्षांपासून यांच्यासाठी वेगळी भाजी करून राहिली." काका हसायला गेले, पण चेहरा तसा झाला नाही. ते उठून बाथरूममध्ये गेले. त्या दिवशी नळाचा आवाज आला नाही. बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "अपॉइंटमेंट तू घे. मला फोनवर ते सांगायला जमणार नाही."

हे पुढचं गाडीत लिहितोय. काका मध्येच उठून आले नाहीत. पूर्ण तपासून आले, माझ्याकडून चष्मा घेतला आणि पार्किंगमध्ये पोचल्यावर बोलले.

"मोठी आहे. पण मऊ आहे, घट्ट गाठ लागली नाही, ते चांगलं म्हणाला. ऑपरेशन करायचं. पोट फाडत नाहीत, नळीतूनच आत जातात आणि रस्ता मोकळा करतात."

"तारीख?"

"घेतली. एप्रिल. असा बघू नकोस, जाणार आहे मी." मग गाडी सुरू न करता म्हणाले, "दादाला कुणी एक नळी वेळेवर घातली असती रे."

आता ते औषधाच्या दुकानात गेलेत. उतरताना त्यांनी विचारलं, "वहिनीला काय कळवायचं?"

आप्पा, आईला मी पत्रातून कळवलंय की मी इथे हृदयं रंगवतो. आधी ते लाजेपोटी लिहिलं होतं. ती आळीत सगळ्यांना तसंच सांगते, फार अभिमानाने. आता मी तिला दुसरं काही कळवणार नाही, तुमचं पोटाचं नव्हतं हेही नाही. तिने तुमच्या पोटावर हिंग किती हळू हाताने लावला होता, ते मी पाहिलंय.