हॅरोकूम हॉलचे थॉमस

प्रिय आईस,

एनॉकचं प्रेम.

मी खुशाल आहे. जेवण चांगलं मिळतं, खोकलाही कमी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? कोल्हा अजून कोंबड्या नेतो का?

हॅरोकूम हॉलचा हा वाडा पुन्हा विकला गेला. वेस्ट इंडीजमधल्या साखरेच्या पैशावर सर ऑगस्टसनी तो बांधला, त्यांच्या नातवाकडून बँकवाल्यांनी घेतला, आता साबणाचे कारखानदार मिस्टर क्रॅबट्री मालक झालेत. जिन्यात सगळ्या मालकांच्या तसबिरी आहेत, खाली पितळी पट्टीवर नावं. जेवणघरातल्या नोकराला, त्याचं नाव काहीही असो, ‘थॉमस’ म्हणायची रीत मात्र प्रत्येकानं कपाटं-खुर्च्यांसोबत जशीच्या तशी घेतली.

माझ्या आधीचा थॉमस, म्हातारा एमॉस पेल, परवा वारला. थडग्यावर त्याचं खरं नाव घालावं म्हणून मी मालकांकडे गेलो.

“एमॉस? हा कोण?”

“आपला म्हातारा थॉमस, साहेब.”

“मग थॉमसच घाला की! एमॉस म्हणून त्याला ओळखणार कोण?”

आमची स्वयंपाकीण मिसेस डॉबिन म्हणाली, “गप बस रे. तुझ्या वेळी नवा दगड नको, त्याच ‘थॉमस’वर भागेल.”

देव प्रत्येकाला त्याच्या नावानं हाक मारतो, असं तूच शिकवलंस. त्यावर माझा विश्वास आहे. पण रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी बायबल वाचताना ‘थॉमस’ म्हटलं, आणि मी चटकन उठून उभा राहिलो.

आई, इथल्या सोयीसाठी तू पाकिटावर थॉमस लिहितेस. यापुढे तसं लिहू नकोस. पत्र कुणाचं ते न कळून चार दिवस पडून राहिलं तरी चालेल.

तुझा,
एनॉक