वाच बरं मोठ्यानं

आबा,

तुमचा फळा अजून गिरणीच्या दारालाच आहे. खालच्या कोपऱ्याला वाळवी लागली होती, तेवढा भाग मी कापून टाकला, म्हणून आता तो जरा तिरपा दिसतो. पण त्यावर काय लिहिलंय ते वाचायला हल्ली कुणी थांबत नाही. शनिवार-रविवारी रिह्याच्या रस्त्यानं गाड्या जातात त्या फार्महाउसकडे, काचा वर करून. आपल्या खालच्या खाचरांना आता तारेचं कुंपण आहे आणि आत कुणाचा तरी पोहण्याचा तलाव. भात लावणारे कमी झाले, तसं गिरणीत भरडायला येणारं भातही कमी झालं. दादाचे गुडघे गेल्यापासून गिरणी मी बघते. शाळेतली माझी नोकरी तेव्हा नुकतीच संपली होती. दादा म्हणाला, "गिरणीची मोटार विक आन् मोकळी हो. तुला काय कमी हाय?" मी म्हटलं, एक हंगाम बघते. तो हा हंगाम. शेतकऱ्यांकडून भात घ्यायचं, भरडायचं आणि तांदूळ थेट गिऱ्हाइकाला विकायचा. जमलं तर गिरणी चालेल, नाहीतर शिमग्यानंतर मोटारीचा पट्टा कायमचा उतरवायचा, असं मी दादाला कबूल केलं आहे.

आता गिऱ्हाईक आहे हिंजवडी-मारुंजीच्या सोसायट्यांमध्ये, आणि ते फळा नाही, मोबाइल वाचतं. सुनेनं मोबाइलवर गिरणीच्या नावाचं पान काढून दिलं. मी म्हटलं, तीस वर्षं पोरांचे निबंध तपासले, चार ओळी मला लिहिता येतील. पंधरा दिवस लिहिल्या. सून एकदा वाचून म्हणाली, "आई, रागावू नका, पण ही शाळेची नोटीस वाटते." बरोबर होतं तिचं. 'तांदूळ शिल्लक आहे. वेळ नऊ ते पाच. उगाच फोन करू नये.' अशा ओळींवर तांदूळ कोण घेणार? मग तिनं सांगितलं की दुकानांची अशी पानं सांभाळून देणाऱ्या कंपन्या असतात. फोटो ते काढतात, मजकूर ते लिहितात, लोकांनी काही विचारलं तर उत्तरंही तेच देतात. मी विचारलं, "माझ्या वतीनं?" ती म्हणाली, "हो, तुमच्याच वतीनं." त्या शब्दापाशी मी जरा अडखळले, पण गिरणी वाचवायची होती.

पहिला आला तो बाणेरचा. गाडीतून उतरला, काळ्या बुटांवर कोंडा उडाला तसा दोनदा पाय झटकले. बोलायला गोड. महिन्याला बारा पोस्ट, चार रील, सणांच्या शुभेच्छा वेगळ्या. मग भिंतीवरचा तुमचा फोटो त्याला दिसला. "मॅडम, हे आजोबा जबरदस्त आहेत! यांनाच ब्रँड करू. फेट्यातला फोटो नाही का?" मी म्हटलं, "ते माझे वडील. आणि ते टोपी घालायचे." "टोपी पण चालेल," तो म्हणाला. तुम्हाला फार हसू आलं असतं. त्यानं तिथल्या तिथं मजकूर करून वाचून दाखवला, 'सह्याद्रीच्या कुशीत, आजोबांच्या हातचा सुगंधी वारसा.' मी सांगितलं, हातचा काही नाही, दहा अश्वशक्तीच्या मोटारीचा आहे. तो म्हणाला, "मॅडम, लोकांना मोटार नको असते." तरी मी त्याला आठ दिवस काम करून बघायला सांगितलं. तुमचा फोटो मात्र दिला नाही.

पाचव्या दिवशी मारुंजीची एक बाई गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात स्टीलचा डबा. झाकण काढून माझ्यापुढे धरला. आत भाताचा गोळा. तिच्याकडे लेकीचं डोहाळजेवण होतं, चाळीस माणसं, मसालेभात करायचा म्हणून तिनं आमचा आंबेमोहर मागवला होता. "तुमच्या पानावर मी विचारलं होतं, जुना आहे का. तुम्हीच लिहिलंत, हो ताई, शंभर टक्के जुना." आबा, या हंगामाचा नवा तांदूळ होता तो. भरडून महिनासुद्धा झाला नव्हता. कुणालाही न विचारता बाणेरच्या कुठल्याशा टेबलावरून माझ्या नावानं उत्तर गेलं होतं. मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, 'जुना' म्हटलं की चांगलं वाटतं ना लोकांना." मी फोन ठेवला आणि त्याचं काम तिथंच थांबवलं. पण त्याला रागवायला माझी जीभ म्हणावी तशी उचलली नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे.

आठवतं ना, मी सातवीत आहे. सकाळी शाळेला जायच्या आधी फळा लिहायचं काम माझं, कारण तुम्हाला अक्षर येत नाही. तुम्ही मोटारीच्या आवाजातून ओरडून सांगता आणि मी लिहिते. "नवा आंबेमोहर हाय. मऊ हुतो. पुलावाला चालायचा न्हाई. लेकराबाळास्नी, आजाऱ्याला घ्या. कणी हाय. कोंडा हाय." मला तुमचा राग येतो. पौडच्या दुकानातले लोक आपला माल चांगला म्हणून सांगतात, आणि आपण आपल्याच तांदळाची उणीदुणी दारावर टांगतो. म्हणून एक दिवस मी माझ्या मनानं लिहिलं, 'जुना आंबेमोहर, उत्तम, सुवासिक.' दुपारपर्यंत तांदूळ भराभर गेला. मग कुणीतरी तुम्हाला विचारलं, "एवढा जुना कुटनं आणला?" तुम्ही मोटार बंद केली. मला शाळेतून बोलावून घेतलंत. मारलं नाही, ओरडलाही नाहीत. म्हणालात, "हितं हुबी ऱ्हा. येईल त्याला सांग, फळ्यावर खोटं लिवलंय, तांदूळ नवा हाय. आन् सकाळी ज्यांनी न्हेला, त्येंच्या घरी जाऊन सांग." मी अकरा घरं फिरले. एका घरी म्हातारी म्हणाली, "तरीच! माझ्या बोळक्या तोंडाला ब्येस लागला." बाकीच्या दहा घरांतले चेहरे मी अजून विसरले नाही. त्या दिवसापासून तुमची नवी पद्धत सुरू झाली. फळा लिहून झाला की पहिल्या गिऱ्हाइकाला तुम्ही म्हणायचात, "वाच बरं मोठ्यानं." ते वाचायचं, तुम्ही ऐकायचात आणि म्हणायचात, "बरूबर हाय." मगच पट्टा चढायचा.

मारुंजीच्या बाईंच्या घरी मी दुसऱ्या दिवशी स्वतः गेले. मागच्या साली घरच्यासाठी ठेवलेल्या जुन्या तांदळातला थोडा घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "अहो, एवढं कशाला, फोन केला असता तरी चाललं असतं." मी म्हटलं, मला चाललं नसतं. चहा दिला त्यांनी. लेक आतून बाहेर आली, पोटावर हात ठेवून हसली, म्हणाली, "मला तर तो गोळाच आवडला. तूप घालून दोन वाट्या खाल्ला."

त्यानंतर सुनेनं नेऱ्याच्या एका मुलीला पाठवलं. त्यांची जमीन रस्त्याकडेला आहे, खोल्या भाड्यानं दिल्यात, त्यातल्याच एका खोलीत बसून ही चार-पाच दुकानांची पानं सांभाळते. आली ती स्कूटीवरून, हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, "काकू, आधी भात खायला घाला, मग बोलू." चुलीवर मऊ भात टाकला. तिनं तूप-मेतकूट घालून खाल्ला, ताट पुसून घेतलं आणि विचारलं, "आता सांगा, ह्यात वाईट काय हाय?" मी हातातला डाव खाली ठेवला. म्हटलं, "का?" "लोक तेच विचारत्यात ओ. चांगलं काय ते सगळेच सांगत्यात." आबा, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. तिला काम दिलं, पण एक अट घातली. एकही ओळ, एकही उत्तर मला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय जायचं नाही. ती हसली. "काकू, लई कडक हाय तुमी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते की." मी म्हटलं, नाही. डोळे चुकीचं सोडून देतात. मला ऐकायचं असतं.

रोज सकाळी तिचा फोन येतो. 'नवा आंबेमोहर. मऊ होतो, पुलावाला चालणार नाही. बाळाच्या पहिल्या भाताला, आजाऱ्याला, दात नसलेल्याला घ्या.' या ओळींवर तान्ह्या मुलांच्या आया विचारू लागल्या आहेत. शिमग्यानंतर काय होईल ते मी आज सांगू शकत नाही, पण मोटार विकायची भाषा दादा सध्या करत नाही. काल सकाळी तिनं सगळं वाचून झाल्यावर विचारलं, "अजून काही टाकायचं, काकू?" माझी नजर भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे गेली. ती म्हणाली, "हॅलो? आवाज येतोय न्हवं?" मी म्हटलं, "बरोबर आहे. तेवढंच." आणि फोन ठेवून कोंड्याच्या पोत्यावर बसले.

बी.ए.चा निकाल घेऊन मी घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पौडहून रंगीत खडूंचा डबा आणला होता. कधी नव्हे तो. नेहमीच्या ओळी सांगून झाल्या आणि तुम्ही म्हणालात, "खाली लिव, आमची पोरगी बीए झाली. गुलाबी खडूनं लिव." मी तुमच्याकडे पाठ करून लिहिलं. तुम्ही धोतराला हात पुसत बाहेर आलात. पहिले आले ते शाळेचे शिपाईकाका. "वाचा बरं मोठ्यानं," तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवशी टोपी नीट केलीत. त्यांनी वाचलं. आंबेमोहर, कणी, कोंडा. थांबले. तुम्ही विचारलं, "झालं?" ते म्हणाले, "व्हय, एवढंच हाय." मी आत, भात ओतायच्या होपरपाशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलं नाहीत. म्हणालात, "बरूबर हाय. तेवढंच," आणि पट्टा चढवलात. त्यानंतर पेढे वाटलेत, मला पुण्याला नोकरीच्या अर्जासाठी पाठवलंत, सासरी पाठवलंत, आणि त्या ओळीबद्दल जन्मात एक शब्द काढला नाहीत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. खडूच्या त्या डब्यात ठेवीन. त्यातला गुलाबी खडू अजून अख्खा आहे. कणी, कोंडा आणि मी एका फळ्यावर, याची मला तेव्हा लाज वाटली. पुढं कधी आठवण आलीच, तर मी स्वतःला सांगत आले की खाली ओळ मावत नव्हती.

आबा, जागा होती.