यंदाचा असमाधानकारक

कारखाना वसाहत, जि. अहमदनगर
१२ ऑगस्ट १९७१

तीर्थस्वरूप रंगनाथमामा यांच्या चरणी मच्छिंद्रचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे ठीक आहे. ठीक म्हणजे हातपाय जागेवर आहेत आणि खानावळीतली आमटी अजून पचते. त्याहून जास्त अर्थ या शब्दातून काढू नये. तुमच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला लागू पडला का? मामींचा खोकला गेला, की पावसाळाभर मुक्कामालाच आहे? शेवगावच्या बाजारात आवक कशी आहे आणि अडतीवर गर्दी असते का, हेही सवडीने कळवावे. (मूग कसा निघाला ते कळवलं नाही तरी चालेल. मला आता कशाचेच भाव ऐकवत नाहीत.)

तुम्ही आप्पासाहेबांकडे शब्द टाकलात, म्हणून पुण्याहून श्रमकल्याणाची पदविका घेऊन आलेल्या तुमच्या भाच्याला इथल्या साखर कारखान्यात लेबर ऑफिसरची खुर्ची मिळाली. ही खुर्ची अजून कच्ची आहे. दसऱ्याच्या आधी संचालक मंडळाची सभा भरेल आणि मला कायम करायचं की वळकटी बांधायला सांगायचं ते तीत ठरेल. आप्पासाहेब स्वतः चेअरमन, तेव्हा काळजी करू नकोस, असं तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात. मामा, काळजी करण्यासारखी परिस्थिती आहे. ती कशी उद्भवली ते सविस्तर लिहितो, कारण तिखटमीठ लावलेली हकीकत तुमच्या अडतीवर एव्हाना येऊन पोहोचली असेल.

आप्पासाहेब उन्हाळ्यात कुठल्याशा व्यवस्थापन परिषदेसाठी पुण्याला गेले होते. जाताना प्रकृतीने उत्तम होते. परत आले ते 'कार्यमूल्यमापन' हा शब्द घेऊन, आणि पुढे आठवडाभर जो भेटेल त्याला तो ऐकवत होते. आमच्याकडे आजवर पगारवाढ मिळायची ती वर्ष सरलं म्हणून. काम करणाऱ्यालाही मिळायची आणि काम कसं चाललंय ते पाहत बसणाऱ्यालाही मिळायची. (पाहत बसणाऱ्यांचं म्हणणं असं, की संचालकही तेच करतात आणि त्यांना वर भत्ता मिळतो.) यापुढे ज्याचं काम चोख त्यालाच वाढ, योजना तयार कर, असं आप्पासाहेबांनी मला सांगितलं. आपण याच कामासाठी जन्माला आलो, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं. पदविकेच्या वह्या ट्रंकेतून काढल्या, शाई नवी आणली आणि योजना लिहिली. प्रत्येक खातेप्रमुखाने हाताखालच्या माणसाला शेरा द्यायचा: उत्तम, समाधानकारक किंवा असमाधानकारक. उत्तमाला दुप्पट वाढ, समाधानकारकाला नेहमीची, असमाधानकारकाला शून्य.

पहिल्या खेपेला सगळ्या खात्यांतली सगळी माणसं उत्तम निघाली. चीफ इंजिनिअर साहेबांनी तर दोन वर्षांपूर्वी रजेवर जाऊन परत न आलेल्या एका तेलवाल्यालाही उत्तम ठरवलं. (त्याच्याविषयी एकही तक्रार नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं होतं.) त्यांना तरी कसा दोष द्यावा? इथे हाताखालचा माणूस म्हणजे कुणाचा मेहुणा, कुणाचा व्याही, कुणाचा बांधशेजारी. दुपारी ज्याला असमाधानकारक लिहायचं, त्याच्याच बांधावरून संध्याकाळी घरी जायचं, हे जमायचं कसं? पण तेव्हा मी तरुण होतो (म्हणजे जून महिना होता) आणि मला नात्यागोत्याचा राग येई. मी योजनेत दोन कलमं वाढवली. एक, प्रत्येक खात्यात उत्तम एकच असेल आणि असमाधानकारकही एक असलाच पाहिजे. दोन, असमाधानकारक इसमास सुधारणा होईपर्यंत जबाबदारीच्या कामाला हात लावू देऊ नये. ही कलमं मी आप्पासाहेबांना उभ्याने वाचून दाखवली. त्यांना ती इतकी आवडली, की त्यांनी मला चहा पाजला आणि स्वतः फक्त बशीभर घेतला.

आता पुढचं तुम्हाला समजावून सांगायला नको, कारण पाटाच्या पाण्याचं वाटप तुम्ही जन्मभर पाहत आला आहात. पाणी थोडं आणि शेतं फार असली की आपली माणसं पाळ्या लावतात, आणि एखाद्याचं पीक अगदीच जळायला लागलं तर शेजारी आपली पाळी त्याला सोडतो. आमच्या कामगारांनी माझी कलमं वाचून घेतली, पिंपळाच्या पारावर बैठक बसवली आणि उत्तम शेऱ्याचं पाटपाणी करून टाकलं. ज्याच्या घरी त्या वर्षी लग्नकार्य, त्याला उत्तम. एकापेक्षा जास्त कार्यं असतील तर मुलीचं लग्न आधी, मुलाचं नंतर. साखर घराच्या खात्यात यंदाचा उत्तम छगन ठरला, कारण त्याची मुलगी मार्गशीर्षात उजवायची आहे. हा छगन पॅनवरचा हेल्पर आहे. (पॅन म्हणजे उसाचा रस आटवून साखर धरायची बंद कढई, दुमजली घराएवढी. हेल्पर म्हणजे ती चालवणाऱ्या पॅनमनला तंबाखू मळून देणारा.)

उत्तमाचं असं झालं. मला वाटलं, असमाधानकारक व्हायला तरी कोण पुढे येतो ते पाहू. मामा, त्यासाठी भांडणं झाली. आमचे जुने पॅनमन दोन, कारभारी आणि सहादेव. दोघेही पगाराच्या श्रेणीत शेवटच्या पायरीवर जाऊन बसलेले, त्यामुळे त्यांना वाढ मिळतच नाही आणि शून्य वाढीने त्यांचं काही जातही नाही. म्हणजे खात्यासाठी हा शेरा अंगावर घ्यायला त्यांच्याइतका सोयीचा माणूस नाही. मी कारभारीला माझ्या खोलीत बोलावून विचारलं, की अरे, इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हा डाग लावून घ्यायला काही वाटत नाही का? तो म्हणाला, "डाग कशाचा सायेब, मान हाय तो. म्या न्हाई घेतला तर पोराबाळांच्या मानसाला घ्यावा लागंल. आन सर्व्हिसला मी थोरला हाय, पैला मान माजा. सहादेवानं म्होरल्या साली घ्यावा." पोळ्याला कुणाचा बैल आधी वेशीतून न्यायचा यावरून जसं होतं तसंच सगळं झालं. सहादेव म्हणाला, मी बॉयलरपासून शिकत वर आलोय, मान माझा. शेवटी निकाल कारभारीच्या बाजूने लागला आणि सहादेव रुसून गावी निघून गेला.

मी आप्पासाहेबांकडे धाव घेतली. पण कारखान्याच्या इतिहासात पहिल्यांदा सगळ्या खात्यांचे अहवाल वेळेवर, खाडाखोड न करता, एकही भांडण चेअरमनपर्यंत न येता दाखल झाले होते, आणि ते त्यांच्या टेबलावर दोरीने बांधून ठेवलेले होते. आप्पासाहेब म्हणाले, योजना यशस्वी झाली, तू उगाच किरकिर करू नकोस. एवढ्यावर न थांबता त्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याच्या संचालकांना आमची योजना पाहायला जेवणासकट बोलावलं.

ते आले गेल्या मंगळवारी. हंगामाआधी पॅनमध्ये पाणी भरून कुठे गळतं का ते पाहतात, ती चाचणी त्याच दिवशी होती. आप्पासाहेब पाहुण्यांना घेऊन बरोबर पॅनच्या खाली उभे राहिले आणि कार्यमूल्यमापनावर बोलू लागले. पांढरंशुभ्र धोतर, कोट, टोपी. वर पॅनमन नव्हता. सहादेव रुसून गावी होता आणि कारभारी बाहेर लिंबाखाली चंची सोडून बसला होता. मी पळत जाऊन त्याच्या हातापाया पडलो. तो अगदी शांतपणे म्हणाला, "कलम तुमीच घातलं न्हवं? मी असमाधानकारक हाय. अजून सुधारलो न्हाई." इतक्यात आप्पासाहेबांनी खालून फर्मावलं, की खात्यातला उत्तम इसम कुठे आहे, त्यालाच चालवू द्या, पाहुण्यांना पाहू दे. छगन वर गेला. बिचाऱ्याने समोर जो व्हॉल्व्ह दिसला तो श्रद्धेने उघडला. तो नेमका पॅन खाली रिकामा करायचा होता.

पाणी स्वच्छ असतं तरी एक वेळ निभावलं असतं. पण गेल्या हंगामाची मळी तळाला चिकटून राहिली होती, ती त्या पाण्याबरोबर मोकळी झाली. पाहुणे चपळ निघाले. (पडणाऱ्या गोष्टींपासून बाजूला होण्याचा संचालकांना सराव असतो.) आप्पासाहेब वाक्याच्या मध्यावर होते, ते तिथेच राहिले. टोपीपासून वहाणांपर्यंत काळे, आणि अंगाला असा वास, की दारूभट्टीसमोर उभं राहिल्यासारखं वाटावं. कारभारी धावत आला, त्याने व्हॉल्व्ह बंद केला, कलम मोडल्याबद्दल माझी क्षमा मागितली आणि परत लिंबाखाली जाऊन बसला. आप्पासाहेबांनी डोळे पुसून एवढंच विचारलं, "ह्याला उत्तम कुणी ठरवला?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. छगनचा शेरा काढून घ्या, असं ते म्हणणारच होते, पण मुलीचं लग्न आहे हे कुणीतरी कानात सांगितलं आणि ते नरम पडले. राहू द्या त्याचा, म्हणाले. माझ्या घरी कुणाचंच लग्न नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सगळ्या खातेप्रमुखांची बैठक झाली. विषय असा, की खातेप्रमुख हेही एक खातंच, आणि आप्पासाहेबांचं म्हणणं पडलं की कलम सर्वांना सारखं. म्हणजे आमच्यातही एक असमाधानकारक पाहिजे. बैठक कसली, अगदी घरगुती चर्चा झाली, भजी होती. गोदामप्रमुखांचा मुलगा बोहल्यावर चढायचा आहे, हिशेबनिसांच्या दोन मुली लग्नाच्या आहेत, शेतकी अधिकाऱ्यांनी घर बांधायला काढलंय. सगळ्यांच्या अडचणी ऐकून घेतल्यावर ते माझ्याकडे वळले आणि प्रेमाने म्हणाले, मच्छिंद्रराव, तुम्ही सडेफटिंग, खानावळीत जेवता, तुम्हाला वाढ हवी कशाला? मी योग्यता, पदविका, निकष वगैरे शब्द वापरून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले आणि मला आणखी भजी दिली. कच्च्या नोकरीवरच्या माणसाला असमाधानकारक शेरा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तो सभेपुढे गेला की मी घरी.

मामा, चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, मला फार वाईट वाटतंय. वळकटीचं दुःख नाही. तुम्ही माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे शब्द टाकलात, आणि तो माणूस मळीत न्हाला. रस्त्यात आता कामगार मला आपुलकीने नमस्कार करतात. कारभारीने तर परवा स्वतःच्या शेजारी लिंबाखाली जागा करून दिली आणि तंबाखू पुढे केली. मी खात नाही, तरी घेतली.

असो. हे सर्व केवळ माहितीसाठी लिहिलं आहे. मी योग्यतेवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. वशिला, नातंगोतं, रदबदली यांची मला गरज नाही आणि तुम्ही माझ्यासाठी काहीही करू नये. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
मच्छिंद्र

ता. क. चीफ इंजिनिअर साहेब काल माझ्या खोलीवर येऊन बसले होते. त्यांची श्रेणी संपलेली आहे आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त होतात. ते म्हणाले, असमाधानकारक मी अंगावर घेतला असता रे, मला काय, पण तुझ्यासाठी घ्यायचा तर तुझ्या घरात कार्य नको का? उगाच पायंडा पडतो. कार्य ठरत असेल तर सभेच्या आधी सांग.

ता. क. आणखी एक. दिवाळीत तुम्ही मुली सुचवल्या तेव्हा मी शिक्षण, उंची, स्वभाव आणि वाचनाची आवड यांविषयी ज्या अटी घातल्या, त्या सर्व रद्द समजाव्यात. अडतीवर दहा गावची माणसं येतात, तुम्हाला घरं माहीत आहेत. मुलगी समाधानकारक असली तरी पुष्कळ झालं. साखरपुडा दसऱ्याच्या आत उरकावा, लग्न तुळशीच्या लग्नानंतर कधीही. पत्र मिळताच हालचाल करावी, उलट टपाली कळवावं.

ता. क. शेवटचं. मुलीकडचे पहिलाच प्रश्न विचारतील, मुलगा नोकरीत कायम आहे का? तिथे माझ्यासाठी खोटं बोलू नका. सांगा, मुलगी दिलीत की होईल.