तिसऱ्या परीक्षकाचा शेरा

प्रिय चिमटा,

तुझा नवा पत्ता तुझ्या ताईंकडून मागून घेतला. त्यांनी लगेच दिला आणि वर म्हणाल्या, "लिही बाबा, तुझं तरी ती ऐकते." त्यानंतर तीन दिवस हा कागद टेबलावर कोराच पडून होता. तिकडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवायला लागलीस, एका वर्गात नव्वद मुलं आहेत, आणि सूक्ष्मदर्शक मात्र कपाटात कुलूपबंद, हेही त्यांनीच सांगितलं. तू स्वतः काही कळवलं नाहीस, त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही.

गुरुवारी तुझ्या प्रयोगशाळेत जाऊन आलो. टाकीवाल्या काकांनी फोन केला होता. म्हणाले, "साहेब, खोली सोडायला सांगितलीय. मॅडम फोन उचलत नाहीत. या मंडळींचं काय करू?" अकरा वर्षं त्यांनी तुझ्या गोगलगायींना मंडळीच म्हटलं. मी पोचलो तेव्हा निम्म्या टाक्या उपड्या करून भिंतीला लावल्या होत्या. उरलेल्यांत पंप चालू होता आणि काका नेहमीसारखी कोबीची पानं कात्रीने कापून घालत होते. थोड्या वेळाने मारायच्याच आहेत तर आता कशाला, असं मी विचारलं नाही. जंत बाळगणाऱ्या गोगलगायी नाल्यात सोडता येत नाहीत, कुणाला देता येत नाहीत, हे तूच त्यांना शिकवलेलं. औषधाच्या पाण्याचा डबा त्यांनी दारामागे ठेवला होता. मला म्हणाले, "तुम्ही जा आता, हे बघायचं नसतं." मी गेलो. नको तिथून वेळेवर निघून जायला मला आयुष्यात एकदाच जमलं, आणि तेही तिथे.

गेले काही दिवस आपल्या गाइड बाईंची फार आठवण येते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी आपण दोघांनी मिळून लिहिलेलं प्रपोजल त्यांनी टेबलावर आपटलं होतं, आठवतं? तुझ्या पाच पानांत नुसत्या गोगलगायी होत्या. शंखाचे वेढे किती, अंडी किती, कुठल्या पाण्यात किती जगतात. बाई म्हणाल्या, "अगं, वाचणारा माणूस दमलेला असतो. त्याच्यापुढे असे बारा गठ्ठे असतात आणि त्याला घरी जायचं असतं. पहिल्या पानावर त्याला पोरं दिसली पाहिजेत, नंतर गोगलगायी." त्या दिवशी त्यांनी तुझं नाव चिमटा ठेवलं, कारण बोलणी खातानाही तुझ्या हातात चिमटा होता. आणि मी मागाहून येऊन तुझ्या वाक्यांत स्वल्पविराम घालत बसलो. पुढे वीस वर्षं आपलं हेच चाललं. काम तुझं, स्वल्पविराम माझे.

अनुदानासाठी पाठवलेलं तुझं पहिलं मोठं प्रपोजल परत आलं तेव्हा शेरा होता की प्राथमिक निरीक्षणं अपुरी. तू दोन वर्षं सुट्टी न घेता तळी पालथी घातलीस. दुसरं परत आलं तेव्हा म्हणे खर्चाच्या मानाने उपयोग स्पष्ट नाही. तू दवाखान्यांच्या दारात बसून आजारी मुलांच्या नोंदी उतरवून घेतल्यास. तिसरं लिहिलंस ते मला वाचायला पाठवलंस. मी ते एका बैठकीत वाचलं. पहिल्याच पानावर तळ्यात उड्या मारणारी पोरं होती. गोगलगायींतून पाण्यात येऊन त्यांच्या कातडीतून आत शिरणारा जंत होता. आणि ती आजारी पडायच्या तीन महिने आधी कुठलं तळं बंद करायचं हे तू पाण्यावरून सांगून दाखवणार होतीस. मला एकही स्वल्पविराम घालावा लागला नाही. मी तुला फोन करून म्हटलं, "आता हे कुणाच्या बापाला नाकारता येणार नाही." खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मी बराच वेळ माझी स्वतःची जुनी प्रपोजलं चाळत बसलो होतो. त्यांतलं एकही त्याच्या जवळपास जाणारं नव्हतं.

मग निकाल लागला. तू फोनवर तिन्ही परीक्षकांचे शेरे वाचून दाखवलेस. पहिल्याने नऊ गुण दिलेले, दुसऱ्याने आठ. तिसऱ्याने सहा, आणि शेरा असा: 'संपूर्ण प्रकल्प एका खोलीवर आणि एका व्यक्तीवर अवलंबून आहे. ही जोखीम अर्जदाराने गांभीर्याने घेतलेली दिसत नाही.' तुझा आवाज अगदी शांत होता. तू विचारलंस की हा माणूस नेमका कशाला घाबरलाय, त्याला उत्तर कसं द्यायचं. आणि मी तुला अर्धा तास समजावलं. परीक्षकाला कामापेक्षा काम बुडण्याची भीती जास्त असते, म्हटलं. आपण पास केलेला प्रकल्प फसला तर नाव आपलं खराब होतं, म्हणून तो भोक शोधतो, म्हटलं. तू सगळं लिहून घेत होतीस, पेनचा आवाज येत होता. शेवटी म्हणालीस, "तिसरा माणूस वाईट नाहीये रे. काम समजलंय त्याला. बाकीच्या दोघांनी नुसतं कौतुक केलं, याने नीट वाचलंय." मी हो म्हटलं.

तू तो शेरा इतका मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. एका खोलीवर अवलंबून आहे ना, मग दोन खोल्या करू, म्हणून तू जिन्याखालची ती अडगळ साफ करून घेतलीस. सगळ्यांत जुन्या टाक्या, ज्यांच्यावर अकरा वर्षांच्या नोंदी उभ्या होत्या, तिकडे हलवल्यास. जिन्याखालची वीज आणि तिच्यावर चालणारे टाक्यांचे पंप दोन दिवस बंद होते हे सुट्टीमुळे कुणाला कळलंच नाही. काका सांगत होते, सोमवारी सकाळी तू दार उघडलंस आणि पाण्यात हात घालून एकेक शंख उचलून बघत राहिलीस, दुपारपर्यंत. त्यानंतर विभागाने उरलेली खोलीही मागितली, आणि तू भांडली नाहीस. या वर्षी तुझ्या यादीतली दोन तळी बंद केली. सत्तावीस मुलं दवाखान्यात गेल्यावर. तू आधीच लाल खूण केलेली तीच दोन.

वर्षभर मी तुला समित्यांचं आतलं कामकाज सांगायचो आणि प्रत्येक वेळी 'ऐकीव आहे हं' अशी पुस्ती जोडायचो. ऐकीव नव्हतं. गेल्या वर्षी मला अनुदान देणाऱ्या त्या समितीवर घेतलं. तुझ्यापासून लपवलं, कारण नियम तसा होता. निदान सुरुवातीला तरी तेवढंच कारण होतं. दोन दिवसांत चौसष्ट प्रपोजलं, प्रत्येकाला आठ मिनिटं. तिघांनी पूर्ण वाचलेलं असतं, बाकीचे सारांश चाळतात आणि तिघांच्या तोंडाकडे बघतात. अर्जदार ओळखीचा असेल तर फॉर्मवर तशी खूण करून बाहेर जायचं, मग उरलेल्या दोघांची सरासरी धरतात. असे लोक पॅसेजमध्ये कागदी पेल्यातून चहा पीत उभे असायचे. माझ्या गठ्ठ्यात तुझं प्रपोजल आलं आणि मी फॉर्मवर 'ओळख नाही' ही खूण केली. तुझी शपथ, तेव्हा हेतू चांगला होता. आत राहिलो तर तुझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी असेल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तुझी पाळी आली. पहिला भरभरून बोलला, दुसरीनेही मान डोलावली. मग अध्यक्ष चष्मा काढून माझ्याकडे वळले. सहजच म्हणाले, "तुम्ही दोघं एकाच ठिकाणचे ना?" मी म्हटलं, "नावाने ओळखतो." वीस वर्षं, चिमटा, आणि मी नावाने ओळखतो म्हणालो. सगळे बघत होते. मग आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवायला मी भोक शोधायला लागलो. तुझी खोली मला पाठ होती, त्यामुळे ते शोधायला कष्ट पडले नाहीत. बोलता बोलता मला स्वतःचंच म्हणणं पटायला लागलं. लोक मान डोलवत होते आणि ते मला आवडत होतं. ती नुसती भीती होती की आत दुसरंही काही वळवळत होतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. गोगलगाय नि पोटात पाय, असं आपण आपल्या त्या हेडक्लार्कला म्हणायचो. तो बिचारा फार साधा माणूस होता. मी सहा दिले. सरासरी सात पूर्णांक सहासष्ट झाली आणि निवडीची रेघ तिच्या जरा वर, पावणेआठवर मारली गेली. मी चहा प्यायला बाहेर गेलो असतो तर तुझे साडेआठ झाले असते.

हे पत्र क्षमा मागायला लिहिलेलं नाही. निकालाच्या कागदामागे बारीक अक्षरात एक नियम असतो, तू तो वाचला नसशील, कुणीच वाचत नाही. परीक्षकाने ओळख लपवली असं सिद्ध झालं, तर अर्जदाराला निकालापासून नव्वद दिवसांत फेरतपासणी मागता येते. माझ्या सहीची चार ओळींची चिठ्ठी पुरली असती. टाक्या तेव्हा जिवंत होत्या. मी ती चिठ्ठी चार वेळा लिहायला घेतली, आणि चारही वेळा माझी नोकरी, लोक काय म्हणतील, हे सगळं आठवलं. मग मी कॅलेंडरकडे बघत राहिलो. नव्वद दिवस या सोमवारी संपले. गुरुवारी तुझ्या प्रयोगशाळेतून परत आलो आणि लिहायला बसलो, तर हात अडला नाही, सगळं सरळ उतरलं. का ते तुला कळेल. आता या पत्राचा तुला काही उपयोग नाही, म्हणूनच मला ते लिहिता आलं.

तुझाच म्हणवून घेण्याची सवय न सुटलेला,
शेजारच्या टेबलावरचा