मारेकरी पेशी बावीस पूर्णांक चार

प्रताप नगर, जयपूर
१४ मे २००५

चि. रत्नमाला हिला द्वारकाअक्काचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

मंगळवारी सकाळी नळ आल्याबरोबर दोन्ही माठ भरले, कूलरमध्ये चार बादल्या ओतल्या, गच्चीवरच्या चादरी ऊन चढायच्या आत काढल्या. मग तुझ्या दाजींचा ड्यूटीवर न्यायचा थर्मास उकळत्या पाण्याने तीनदा धुतला. दाजी गेल्याला चार वर्षं झाली, तो थर्मास मी कुणाला हात लावू देत नव्हते. त्या दिवशी त्यात बर्फ घातला आणि बर्फात माझ्या सुनेचं रक्त ठेवलं.

फोनवर घाईत तुला नीट सांगता आलं नाही. मयूरीची तीन मुलं पोटातच गेली, दोन तिसऱ्या महिन्यात, एक चौथ्यात. आता आदर्श नगरात हिला एक डॉक्टर सापडलाय. गळ्यात स्टेथोस्कोप नाही, टाय आहे. भिंतीवर जाड जाड बाळांचे फोटो. तो म्हणतो, मूल अर्धं बापाचं असतं, म्हणून आईच्या रक्तातल्या मारेकरी पेशी त्याला परकं समजून मारतात. मी विचारलं, मग हे एवढं जयपूर कसं जन्माला आलं? तर म्हणाला, माताजी, आप नहीं समझेंगी. सातवी शिकलेल्या बाईला न समजलं तर तिचा दोष, असा त्याचा हिशोब.

ही तपासणी मुंबईलाच होते म्हणे. रक्त चोवीस तासांत पोचलं पाहिजे, पेशी जिवंत असताना. दवाखान्याचा माणूस कुरियर म्हणत होता, पण राजरत्न म्हणाला, बाबा रेल्वेत गार्ड होते, आपलं रक्त आपल्या गाडीने जाईल. गार्डांनी हातोहात पोचवलं, तू प्रयोगशाळेत नेऊन दिलंस, तुझे उपकार मानते. गुरुवारी दुपारी इथे फॅक्सने रिपोर्टही आला. मारेकरी पेशी बावीस पूर्णांक चार टक्के, हव्यात बाराच्या आत.

आता राजरत्नचं रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी मयूरीच्या दंडात कातडीखाली टोचणार, म्हणजे तिच्या शरीराला नवऱ्याची ओळख पटेल. लग्नाला सहा वर्षं झाली, अजून ओळख पटायची असेल तर राजरत्नचंच काहीतरी चुकतंय. हे मी त्याला बोलून दाखवलं, तो हसला नाही. हसण्यासारखं नाहीच. मयूरीला पुन्हा दिवस गेलेत. सुई पंचवीस तारखेला, बुधवारी. ती कॅलेंडरकडे बघत जेवते.

तुझ्या गुडघ्यांना जप. माया कमी करू नकोस.
तुझी अक्का

भायखळा, मुंबई
१८ मे २००५

ती. अक्काच्या सेवेशी धाकट्या बहिणीचा सविनय जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू उपकार मानलेस, आणि मी तुला फोनवर खरं सांगायची हिंमत केली नाही. तुझ्या रागाची मला लहानपणापासूनच धास्ती, आणि पत्रातून तुला चिमटा काढता येत नाही, म्हणून लिहितेय.

बुधवारी सकाळी मी गाडीवर उभी राहिले. गार्ड उतरला, त्याच्याकडे थर्मास नाही. रतलामला गार्ड बदलला, उतरलेल्या भल्या माणसाने तो आपल्या पेटीसोबत रनिंग रूमला, गार्डांच्या विश्रांतीच्या खोलीत, नेला. गार्डाचा थर्मास गार्डाकडे असणार, यात कुणाला काय वावगं वाटणार? बर्फ वितळला, थर्मास तिथल्या टेबलावर दोन दिवस. कुणीतरी चहा आहे का बघायला झाकण उघडलं तेव्हा कळलं. दुसऱ्याच्या हाती पाठवला, मला शुक्रवारी मिळाला. रक्त काळं पडलेलं. तरी मी टॅक्सीने धावले. काउंटरवरच्या पोरीने बाटली पाहिलीसुद्धा नाही, शिक्का मारून पावती दिली. वाटलं, खराब असेल तर सांगतील आणि पुन्हा मागवतील.

पण अक्का, तू लिहितेस रिपोर्ट गुरुवारी आला. मी पत्र चारदा वाचलं. पावती सोबत जोडते, तारीख तूच बघ. तेरा मे, सायंकाळी पाच दहा.

मयूरीला माझ्या वतीनेही जीव लाव. मला रागाव, पण पत्र लिहून रागाव.
तुझी रत्ना

प्रताप नगर, जयपूर
२७ मे २००५

चि. रत्नमाला, जयभीम. वि. वि.

रागावले नाही. तो रतलामचा गार्ड विसरला नसता तर आम्ही त्या कागदाला कपाळ टेकवलं असतं.

तुझं पत्र शनिवारी आलं. सोमवारी पावती घेऊन मी टायवाल्याकडे गेले. तो आधी म्हणाला, तारखेची चूक असेल. मी म्हटलं, कुठल्या? कागदावर रक्त पोचल्याची अकरा, रिपोर्टची बारा, आणि रक्त पोचलं तेराला. शिवाय तेही मेलेलं. मग म्हणाला, माताजी, आकडा काहीही असो, उपचार तोच राहील. मग तपासणी कशाला, हे विचारायच्या आत त्याने पुढच्या बाईला आत बोलावलं. तीही माझ्या मयूरीएवढीच होती, हातात तसलीच फाईल.

तिथून रेल्वे हॉस्पिटलात गेले. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरमधून इंग्रजी कागद काढून दिला. डिक्शनरी घेऊन दोन दिवस वाचला. परदेशात काही बायकांना नवऱ्याच्या पेशी टोचल्या, काहींना नुसतं मिठाचं पाणी. पाणीवाल्यांची मुलं जास्त टिकली. तिकडे ही सुई तीन वर्षांपूर्वीच अडवली, आणि इथे भिंतीवर बाळांचे फोटो लावून टोचतात. असल्यांना डॉक्टर म्हणताना माझी जीभ विटते.

मंगळवारी संध्याकाळी मयूरीला सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला विजय झाल्यासारखं वाटत होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, माझ्या रक्तात मारेकरी नाहीत का? मी म्हटलं, तुझं रक्त कुणी पाहिलंच नाही. ती म्हणाली, मतलब मम्मी, मग तिघं का गेली? निदान त्याने कशाने गेली ते सांगितलं होतं.

रत्ना, तिच्या हातातलं एकुलतं कारण मी काढून घेतलं, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग ज्याबद्दल कधी कुणाशी बोलले नाही ते सांगितलं. राजरत्नच्या आधीची माझी दोन गेली. तू तेव्हा अकरा-बारा वर्षांची, दोन्ही वेळी भुसावळच्या क्वार्टरमधून तुला शेजारी पाठवलं होतं. पहिलं सोमवारी, दुसरं गुरुवारी. सगळ्यांनी माझ्या उपासतापासात, जड हंड्यात कारणं शोधली. मयूरीने विचारलं, तुम्हाला कारण कळलं का? मी नाही म्हटलं. किती वर्षं रडलात, असं विचारलं. अजून मोजतेय, म्हटलं. ती माझ्या खांद्याला टेकून बसली. राजरत्न दारात उभा राहून ऐकत होता. मग तिनेच त्याला सांगितलं, उद्या सुईला जायचं नाही.

तुझी माया मला पुरते, तिला थोडी जास्त पाठव. ती घाबरलेली आहे आणि मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मयूरीला रेल्वे हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नवा केसपेपर काढला आणि आधीची तीन कशाने गेली ते विचारलं. मयूरीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, माहीत नाही असं लिहा.

द्वारका