सागाची रोपं, त्यांतलं तण आणि माझ्या पश्चात दोन्हींची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा केस कापणे, हल्लीचा धंदा तण काढणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. हृदयाचा विषय निघाल्यावर मात्र खिडकीबाहेर बघत बसले, म्हणून हा खटाटोप.

यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेलं नाही. "तुला फुटकी कवडी देणार नाही" अशा तोंडी धमक्या बऱ्याच दिल्या आहेत. त्या सगळ्या या लेखाने रद्द समजाव्यात, शेजाऱ्याला दिलेल्या सोडून.

माझी स्थावर व जंगम मालमत्ता स्वकष्टार्जित आहे. यजमान गेले तेव्हा मागे एक सायकल आणि भरपूर सल्ले ठेवून गेले. सायकल गंजली. सल्ले अजून नातेवाईक देत असतात.

कलम १. राहतं घर मुलीला द्यावं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर लोकांना सुया टोचते आणि संध्याकाळी मला. वरच्या मजल्यावर माझी धाकटी बहीण राहते. ती हयात असेपर्यंत तिला तिथून कोणी हलवू नये. हलवायला गेलात तरी ती हलणार नाही, पण कायद्याने लिहिलेलं बरं.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलगी आणि धाकटी यांनी निम्मं निम्मं घ्यावं आणि माझ्या नावाने भांडू नये. भांडायचंच असेल तर स्वतःच्या नावाने भांडावं.

कलम ३. विकलेल्या दुकानातून घरी आणलेल्या कात्र्या, वस्तरे, फिरती खुर्ची आणि मोठा आरसा हे सगळं माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला द्यावं, जिने आता स्वतःचं दुकान काढलं आहे. तिने माझं निम्मं गिऱ्हाईक पळवलं. उरलेलं निम्मं वयोमानाने टकलं झालं. तिच्यावर माझा राग नाही. आरशाच्या उजव्या कोपऱ्यात माणूस थोडा जाड दिसतो, तेव्हा गिऱ्हाइकाला डावीकडे बसवावं.

कलम ४. घरामागचा उतार आणि त्यावरची सागाची रोपं.

हे कलम लांबणार आहे. वकीलसाहेबांनी हवं तर चहा घेऊन यावं.

दुकान विकून मी हा उतार घेतला तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. शेजारी तर कुंपणाला टेकून म्हणाला, "वहिनी, सागाला तोडणीला यायला पंचवीस वर्षं लागतात. हिशेब केलात का?" मी म्हटलं, "हिशेब मला येतो. तोडणार कोण आहे? जन्मभर कापायचंच काम केलं. वाढवायचं काम गिऱ्हाईक घरी करायचं आणि वाढलं की माझ्याकडे यायचं. एकदा काहीतरी वाढताना बघायचंय." यावर तो हसला. त्याचं पुढे कलम ५ मध्ये बघते.

रोप लावलं की काम संपलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मूल झालं की काम संपलं असं म्हणून बघावं. सागाचं रोप सुरुवातीची काही वर्षं अगदी गरीब गाय. गवत त्याच्या तोंडचा घास काढून घेतं, वेली डोक्यावर चढून बसतात, आणि घाणेरीचं काटेरी झुडूप तर सरळ मिठी मारतं आणि सोडत नाही. एकदा रोपं माणसापेक्षा चांगली उंच झाली, शेजारच्या झाडांच्या पानांना पानं लागली आणि खाली सावली पडली, की तणाची मस्ती आपोआप उतरते. तोवर रोपाला वाली लागतो. प्रत्येक रोपाभोवती हात पसरून होईल एवढं गोल टक्कल करायचं, निघालेलं तण तिथेच बुडाशी अंथरायचं आणि मधलं गवत राहू द्यायचं, नाहीतर पहिल्याच सरीत माती खाली रस्त्यावर. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. गिऱ्हाइकाला सांगावं लागायचं तसं उताराला सांगावं लागत नाही, तो आपणहून वाढवून बसलेला असतो.

रोपांचं हे तिसरं वर्ष. ती माझ्या खांद्याला लागली आहेत. अजून दोन वर्षं तरी कोणीतरी तण काढणारं हवं. मी दोन वर्षं आहे की नाही, ते डॉक्टर खिडकीबाहेर बघून सांगतात. मी गेल्यावर एक पावसाळा जरी उतार तसाच राहिला, तरी साग कुठे लावला होता हे शोधायला माणसं लावावी लागतील. मला मरणाची भीती वाटत नाही, याची वाटते.

तरी हा उतार व त्यावरील सर्व झाडे मी माझ्या जावयाला देत आहे. मुलीला नव्हे, जावयाला.

मुलगी म्हणाली, "आई, त्यांना जंगल आणि मला?"

"तुला घर."

"त्यांना रोप ओळखता येत नाही हे विसरलीस?"

विसरेन कशी? पहिल्या वर्षीच्या पानगळीत माझ्या छातीत कळ आली आणि मी इस्पितळात जाऊन पडले. जावईबापू लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस कामसू, पण ज्याला बटण नाही त्याच्याशी त्यांचा संबंध कधी आलेला नाही. मी खाटेवरून सांगितलं, "रोपांभोवती टक्कल करा." ते पहार घेऊन गेले. आता पानगळीत सागाचं पोर म्हणजे नुसती वाळकी काटकी. आणि शेजारी घाणेरी हिरवीगार, फुललेली. माणूस दयाळू असला की कशी फसगत होते बघा. त्यांनी तीन रांगांतल्या सगळ्या काटक्या मेल्या समजून मुळासकट खणून काढल्या आणि प्रत्येक घाणेरीभोवती असं सुबक टक्कल केलं की मलाही जमलं नसतं. वर पाणी घातलं.

संध्याकाळी फोनवर फोटो घेऊन आले. "आई, बघा! मेलेली काढून टाकली, जगलेली जपली. फुलंसुद्धा आलीत."

"अहो, सागाला गुलाबी-पिवळी फुलं?"

"मला वाटलं, संकरित असेल."

माझ्या उशाशी लावलेलं यंत्र ओरडायला लागलं. नर्स धावत आली आणि तिने फोटो बघून विचारलं, "अय्या, घाणेरीला आधार कशाला लावलाय?" तेव्हा मला दिसलं. प्रत्येक झुडपाला आधार म्हणून एकेक काठी खोचली होती आणि त्या काठ्या म्हणजे माझीच रोपं. "खालचं टोक गाजरासारखं निमुळतं आहे ना, जमिनीत छान घुसतं," जावईबापू म्हणाले.

मी घरी आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. बघते तर काय, काठ्या वाळल्या होत्या पण बुडातून कोंब! निमुळत्या टोकाला मूळ होतं, ते या भल्या माणसाने अगदी सुलट पुरलं होतं. निम्म्याहून जास्त जगली. आता जावईबापू लग्नकार्यात लोकांना गाठून सांगतात की ही त्यांची पद्धत आहे.

असं असूनही उतार त्यांनाच. चूक कळल्यावर ते सोफ्यावर जाऊन बसले नाहीत. दुसऱ्या रविवारी पुन्हा उतारावर गेले आणि एकेका रोपासमोर उभं राहून मला फोन करत राहिले, "हे झाड की तण?" एकदा कुंपणाच्या खांबाबद्दलही विचारलं. तेव्हापासून त्यांनी एक रविवार चुकवलेला नाही. विचारायला न लाजणाऱ्याच्या हाती झाड द्यावं, असं माझं मत आहे. उताराबरोबर खुरपी, विळे, पहार आणि माझा फोन नंबरही त्यांनाच द्यावा. उत्तर येणार नाही, पण विचारायची सवय सुटू नये.

कलम ५. शेजारी. हा निवृत्त पोस्टमन. जन्मभर लोकांच्या दारात टपाल टाकलं, आता वाऱ्यावर तणाचं बी टाकतो, तेही बरोबर माझ्याच पत्त्यावर. त्याच्या बाजूचं गवत कापायला मी किती विनवण्या केल्या. म्हणतो, "गुडघे दुखतात, वहिनी." पत्ते खेळायला मांडी घालून बसताना गुडघे कुठे जातात? त्याला मी काहीही देत नाही. वकीलसाहेब म्हणाले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, त्यालाच साक्षीदार करावं. मला लगेच योग्य माणूस सुचला.

कलम ६. धाकटी बहीण. तिला माझा रेडिओ, माझी शाल आणि शेवटचा शब्द द्यावा. शेवटचा शब्द तिने आजवर माझ्याकडून नेहमी हिसकावून घेतला आहे, आता हक्काने घ्यावा.

धाकटीने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. तिला आख्ख्या पृथ्वीची काळजी, त्यामुळे घरामागच्या उताराची तिला पडलेली नाही. ती म्हणते, "ताई, गवत म्हणजे धरणीचं पांघरूण. कोण झाड आणि कोण तण हे ठरवणारी तू कोण?"

"रोपं डोक्यावरून वाहून आणणारी मी."

भांडण मिटावं म्हणून मी तिला कडेची एक रांग दिली. म्हटलं, यात तुझं राज्य. तिने तिथे एक काडी उपटली नाही. आज माझी रोपं खांद्याला आहेत आणि तिची गुडघ्याला, तीही गवत बाजूला करून शोधावी लागतात. मी तिला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. तर म्हणते, "ती आतून वाढतायत." मी विचारलं, आतून म्हणजे कुठून? तर म्हणे तुला ते दिसणार नाही.

एवढं सगळं मी का सांगते आहे? जावईबापूंना फक्त रविवार मिळतो. त्यातही कुठेतरी कोणीतरी लिफ्टमध्ये अडकतंच. पावसाळ्यात तण रविवारची वाट बघत थांबत नाही. मधल्या दिवसांत उतारावर जाऊ शकेल असं या घरात एकच माणूस आहे, आणि ते वरच्या मजल्यावर बसून पृथ्वीची काळजी करतं. मी वकीलसाहेबांना विचारलं, हिला तण काढायला लावता येईल का? ते म्हणाले, "मावशी, मृत्युपत्राने वस्तू देता येते. बहिणीला उतारावर पाठवता येत नाही."

हे वकीलसाहेब लहानपणी माझ्या खुर्चीत कात्री बघून भोकाड पसरायचे. कायदा चांगला शिकले आहेत, पण बहिणी त्यांना नाहीत.

कलम ७. माझी राख.

मी इस्पितळात असताना धाकटी रोज येऊन बसायची. एकदा मला झोप लागली आहे असं समजून ती रडत म्हणाली, "ताई, तुझी राख मी त्या झाडांत टाकीन. माझ्या हाताने. तेवढं दुसऱ्या कोणाला करू देऊ नकोस." मी डोळे उघडले नाहीत. तिच्यावर माझा फार जीव आहे. हे इथे लिहून ठेवते, कारण तोंडावर सांगितलं तर ती लगेच काहीतरी मागून घेते.

तर तिची इच्छा मला मान्य आहे. राख धाकटीनेच, स्वतःच्या हाताने, सागाच्या रोपांत टाकावी. फक्त आत्ता नाही. लहान रोपांत काहीही पौष्टिक टाकलं की रोपाला कळायच्या आत तण जेवून मोकळं होतं. मी खत घालून बघितलं आहे, गवत कमरेला आलं होतं. जन्मभर ज्याच्याशी भांडले त्याच्या पोटात जायची माझी मुळीच तयारी नाही. सबब, शेजारशेजारच्या झाडांची पानं एकमेकांना लागून जमिनीवर सावली पडेपर्यंत मला झाडांत टाकू नये. तोवर मला बरणीत भरून, झाकण घट्ट लावून, धाकटीच्या खोलीच्या खिडकीत ठेवावं. तिथून सगळा उतार दिसतो. सावली लवकर पडली तर मी लवकर जाईन. पडलीच नाही तर मी कायमची तिच्या खोलीत, आणि ती दिवा कितीला मालवते तेही बघेन.

व्यवस्थापक म्हणून मी वकीलसाहेबांना नेमते. त्यांनी वर्षातून एकदा उतारावर जाऊन सावली पडली का ते बघावं. टोपी घालून जावं.

वरील सर्व मजकूर साक्षीदारांसमोर, मुलगी, जावई व धाकटी यांच्या समक्ष वाचून दाखवण्यात आला. कलम ७ ऐकून धाकटी उठली आणि जिना चढून गेली. मुलगी म्हणाली, "आई, दुखावलंस तिला." मलाही तसंच वाटलं आणि मी ते कलम खोडायला सांगणार होते. तेवढ्यात ती खाली आली. पायांत माझे चिखलाचे बूट, डोक्यावर शाळेच्या सहलीची टोपी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरणीत बसायची तुझी लायकी नाही, ताई. वर्षानुवर्षं टोमणे मारशील," आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, असं वकीलसाहेबांचं म्हणणं. धाकटीने ते आजच लागू करून घेतलं आहे. हे लिहिताना ती मला खिडकीतून दिसते आहे. एकेका तणापुढे बसते, त्याला काहीतरी समजावून सांगते, बहुधा माफी मागते, आणि मग उपटते. तिचा हा वेग बघता मला अजून बरीच वर्षं जगावं लागणार आहे.

येणेप्रमाणे लिहून दिले, ते खरे.

सही : धाकटीची ताई, केस कापणारी

साक्षीदार १ : शेजारी, निवृत्त पोस्टमन. (गुडघे खरंच दुखतात. मजकूर ऐकला, पटला नाही, सही केली आहे.)

साक्षीदार २ : डॉक्टर. (सही करताना मृत्युपत्र करणाऱ्या बाई शुद्धीवर होत्या व खिडकीतून मोठ्याने सूचना देत होत्या.)

ठिकाण : उताराकडची मागची खोली

दिनांक : एकवीस सप्टेंबर