दिव्याखाली मासा

४ सप्टेंबर, बुधवार

दिव्याच्या खांबावर काउन्सिलचा पिवळा कागद! मॉर्वेनाने अर्ज केलाच. तिच्या फिश अँड चिप्सच्या दुकानावर पुन्हा तोच लाल दिव्यांचा मासा — तेवढाच मोठा, तसाच रात्रभर जळणारा. फेब्रुवारीच्या वादळात जुना धक्क्यावर आपटून फुटला तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची. आता नवा लावायचा तर काउन्सिलची परवानगी हवी. जुना तिच्या वडिलांनी कुणालाही न विचारता टांगला होता, पण इतका जुना झाला होता की त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

आमचं घर तिच्या दुकानाला काटकोनात. माशाचा सगळा उजेड माझ्या समोरच्या खोलीत, म्हणजे भाडं देऊन राहणाऱ्या पाहुण्यांच्या उशीवर. सकाळी नाश्त्याला यायचे ते डोळे चोळत. "खोली छान आहे हो, मिसेस कर्नो, फक्त जरा... लाल आहे." लाल आहे म्हणे! यंदाच्या उन्हाळ्यात मासा नव्हता, तर खोली एक दिवस रिकामी राहिली नाही.

हरकत घेणार. घेणार म्हणजे घेणार.

९ सप्टेंबर, सोमवार

घेतली. जेवताना डेन्झिलला वाचून दाखवली. छान ठसक्यात लिहिली होती. त्याने काटा खाली ठेवला.

"मागे घे."

"का म्हणून?"

"घे म्हणतोय ना, लव्हडे."

बस्स. काटा उचलून पुन्हा जेवायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्याच कामात या माणसाने नाक खुपसलं नाही. बाथरूमच्या फरशा गुलाबी केल्या तरी हूं की चूं नाही. आणि आज मॉर्वेनाच्या माशासाठी जीभ सुटली!

१८ सप्टेंबर, बुधवार

काउन्सिलचा माणूस पाहणी करून गेला. फेअरक्लो नाव. कोवळा आहे, दाढी ठेवलीय ती मोठं दिसावं म्हणून. मला समजावून सांगत होता — पाटीवर काय लिहिलंय याच्याशी आमचा संबंध नाही, आम्ही दोनच गोष्टी बघतो. परिसराची शोभा आणि लोकांची सुरक्षितता.

म्हटलं, मी शोभेचंच बोलतेय बाबा. जुनं बंदर, दगडी घरं, वर टेकडीवर चॅपल, आणि मध्ये हा लालभडक बोंबील.

"बोंबील नाही, बांगडा आहे," म्हणाला. नकाशावर लिहिलंय म्हणे!

नंतर बघते तर मॉर्वेनाच्याच बाकावर बसून तिचेच चिप्स खात फोटो काढतोय. व्हिनेगरचा वास माझ्या उंबऱ्यापर्यंत.

२६ सप्टेंबर, गुरुवार

डेन्झिल आज धक्क्यावर उभा होता. मासे उतरवून झाले होते, तरी उभाच. मॉर्वेनाच्या दुकानाच्या रिकाम्या भिंतीकडे टक लावून. मग ती बाहेर आली, ॲप्रनला हात पुसत, आणि बराच वेळ दोघं बोलत होते. हा हातवारे करत होता. माझ्याशी बोलताना याचे हात खिशातून निघत नाहीत!

घरी आल्यावर विचारलं, काय म्हणत होती?

"कोण?"

कोण म्हणे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहू नये, पण लिहिते. हे पान माझं आहे. लग्नाआधी तो आणि मॉर्वेना मेथडिस्ट चर्चच्या सहलींना एकत्र जायचे. सगळ्या पोर्थेना गावाला माहीत आहे. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता हसू येत नाही.

त्याचं लक्षच नसतं. आज दूध कपाबाहेर ओतलं. पेस्टी दिली तर ताटलीच्या शेजारी हात. परवा ग्रेस ट्रेवेला तक्रार करत होती, "तुझा नवरा आताशा ओळख दाखवत नाही गं, समोरून सरळ निघून जातो." भरती-ओहोटीचं पत्रकसुद्धा मला वाचायला लावतो. "चष्मा बोटीत राहिला." रोज कसा राहतो? डोकं जिथे गहाण पडलंय तिथेच चष्मा असेल.

या वयात! मला राग येतो, आणि रागाच्या खाली भीती वाटते. दोन्ही खरं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

मॉर्वेना स्वतःच आली. केशराचे बन घेऊन. मी तिला आत बोलावलं नाही.

"लव्हडे, मी तो रात्री दहाला विझवला तर चालेल का तुला?"

म्हटलं, आजवर का नाही विझवलास?

"बाबा सांगून गेले होते गं. मासा विझवायचा नाही. का ते मलाही सांगितलं नाही त्यांनी."

तेवढी भोळी ती असेल का? बन ठेवून घेतले. चांगले झाले होते, तेही खरंच.

२१ ऑक्टोबर, सोमवार

फेअरक्लोचा अहवाल आला. शिफारस — परवानगी नाकारावी. "परिसराच्या शोभेस बाधक." चौदा नोव्हेंबरला समितीपुढे. मला बोलायला तीन मिनिटं मिळणार.

डेन्झिलला सांगितलं. उठून बाहेर गेला. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतली. आता चहाच्या वेळेलाच अंधार.

२९ ऑक्टोबर, मंगळवार



आज अंधार पडून गेला तरी बोट नाही. त्याचा भाऊ क्लेम बंदरात आलेला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाहेर होता माझ्या मागे," आणि तोंड फिरवलं. हे दोघे भाऊ हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत. सासऱ्यांनी बोट डेन्झिलला दिली तेव्हापासून हे असंच. मी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. लाटा चढत होत्या. मग खरवडल्याचा आवाज आला — लाकूड दगडावर. बंदराच्या तोंडाशी तो खडक आहे, सगळे त्याला म्हातारी म्हणतात. म्हातारीने पकडलं होतं त्याला.

सुटला. कसा सुटला देव जाणे. आत आला तेव्हा बोटीच्या एका अंगाचा रंग सोलून गेलेला, आणि हा पांढराफटक. मी घरी आणलं, बूट काढले, आणि मग माझा तोल सुटला. ओरडले. कुठे असतं तुझं लक्ष? बोटीत वाट दाखवणारी एवढी महागाची स्क्रीन आहे, ती काय टीव्ही बघायला?

"स्क्रीन स्क्रीन काय लावलंयस!" तोही ओरडला. "खूण गेली माझी! तुझ्या त्या शोभेपायी खूण गेली!"

आणि मग सांगितलं. बाहेरून येताना लाल मासा चॅपलच्या दारावरच्या दिव्याच्या बरोबर खाली आणायचा. दिवा वर, मासा खाली, की सरळ आत. मासा डावीकडे सरकला तर म्हातारी. उजवीकडे सरकला तर वाळू. त्याच्या वडिलांनी दाखवलं होतं, त्याला एकट्याला, शपथ घालून. खूण कुणाला सांगायची नाही. भावाला नाही, बायकोला नाही.

"मॉर्वेनाला?" मी विचारलं.

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी वेडी आहे. "तिला कशाला? तिला मी फक्त म्हणत होतो, उंची तीच ठेव."

मी एवढी हसले, आणि हसता हसता रडले. तो बिचारा घाबरला.

३० ऑक्टोबर, बुधवार

मग मी म्हटलं, समितीला सांगू. शोभा नाही तर सुरक्षितता! फेअरक्लोच म्हणाला होता, दोन गोष्टी बघतो.

"नाही."

"अरे, जीव जाईल!"

"नुसती हरकत मागे घे. खुणेचं नाव काढलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

फेअरक्लोला फोन केला. तो म्हणतो, तुम्ही एकट्यांनी हरकत मागे घेऊन काही होणार नाही, मिसेस कर्नो, शिफारस आमची आहे. माझंच पत्र मला वाचून दाखवलं, म्हणे अहवालात त्याचा फार उपयोग झाला. एवढं चांगलं लिहायची काय गरज होती मला!

५ नोव्हेंबर, मंगळवार

रोज जातोय. मी रोज धक्क्यावर. आज धक्क्यावर पाच नोव्हेंबरची शेकोटी पेटवली होती, फटाके होते, सगळं आभाळ लाल-हिरवं. पोरं नाचत होती आणि मला एकच घोर, की त्याला यातलं काय दिवा वाटेल. आला नीट. क्लेमच्या मागोमाग आला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

उद्या. तो येणार आहे, मागच्या रांगेत बसणार आहे म्हणाला. माझ्यावर पहारा ठेवायला. मी गप्प बसले तर त्याची शपथ राहते. बोलले तर तो राहतो. यात विचार करण्यासारखं काय आहे? तरी दिवसभर तोच विचार.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काय दिवस! सगळं लिहून ठेवते.

सभागृहात अर्धं पोर्थेना. अध्यक्ष मिसेस रॉस्करो, गळ्यात चष्मा. फेअरक्लोने पडद्यावर फोटो दाखवले, बंदर खरंच सुंदर दिसत होतं. मग माझं नाव. समोर घड्याळ सुरू.

म्हटलं, मी विरोधात बोलणार असं तुमच्या कागदावर आहे. ते खोडा. आणि सांगून टाकलं. दिवा वर, मासा खाली. डावीकडे म्हातारी, उजवीकडे वाळू. मागे बघायची हिंमत झाली नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं डेन्झिल. पण उभा राहिला होता क्लेम! लालबुंद.

"हे तुला कुणी सांगितलं, लव्हडे?"

"माझ्या नवऱ्याने."

"आणि त्याला?"

"बाबांनी," डेन्झिल उठून म्हणाला. "फक्त मला."

"फक्त तुला? अरे, मला शपथ घातली होती त्यांनी! डेन्झिलला कळता कामा नये म्हणाले!"

"मला म्हणाले, क्लेमला कळता कामा नये!"

"गृहस्थहो, कृपया—" मिसेस रॉस्करो.

तोवर कोपऱ्यातून म्हातारा गारफील्ड टॉय खाकरला. "माझ्या बापाने मला सांगितली होती. तुमच्या बापाला ती माझ्या बापानेच दिली, बिअरच्या बदल्यात." आणि मग एकेक जण! बंदरातला प्रत्येक पुरुष तीच खूण उराशी धरून बसला होता, दुसऱ्याला कळू नये म्हणून. म्हणून तर एवढ्या दिवसांत माशाच्या बाजूने कुणी एक शब्द बोललं नाही! मूर्ख मेले सगळे. मिसेस रॉस्करो तोंडावर कागद धरून हसत होत्या.

मंजूर. उजेड निम्मा करायचा, आणि शेवटची बोट आत आली की विझवायचा. फेअरक्लोने अट लिहून घेताना दोनदा विचारलं, शेवटची बोट म्हणजे नक्की कधी? सगळं सभागृह एका आवाजात — "आली की!"

बाहेर मॉर्वेनाने मला मिठी मारली. तळणीचा वास. मी मारू दिली.

१७ नोव्हेंबर, रविवार

डेन्झिल बोलत नाही. म्हणाला होता तसं करतोय. जेवतो, आणि भिंतीकडे बघतो. बापाने फक्त आपल्यालाच सांगितलं या एका गोष्टीवर तो आयुष्यभर जगला, आणि ती मी सभागृहात पसरली. वाईट वाटतं. पण धक्क्यावर उभं राहून जे वाटत होतं त्यापुढे हे काहीच नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

चमत्कार. सोमवारी क्लेम दारात! "चल रे, पाणी बरं आहे." आणि हा निघाला! आता रोज दोघं एकत्र जातात, एकत्र येतात. क्लेमची बोट पुढे, आमची मागे. क्लेम सारखा मागे बघून ओरडत असतो — "डावीकडे, ढोल्या! अजून! हां!" धाकट्यावर दादागिरी करायची हौस भागवून घेतोय. ऐकून लहानपणीचे दोघं डोळ्यांपुढे येतात.

डेन्झिल आज माझ्याशीही बोलला. "मीठ दे," म्हणाला. मीठ त्याच्या हाताशीच होतं. मला बोलतं करायचं निमित्त! मी सरकवलं.

३ डिसेंबर, मंगळवार

मासा भिंतीवर चढला. आज पहिली संध्याकाळ. मॉर्वेनाने बटण दाबलं आणि — काहीच नाही. वायर कुठेतरी जळली. वायरमन उद्या सकाळी येणार. भिंत काळीच राहिली. मी खिडकीत उभी होते, बोटी आत येईपर्यंत. क्लेम पुढे, ओरडत.

डेन्झिल घरी आला तो खुशीत. बूटही काढले नाहीत, माझे दोन्ही हात धरले. "दिसला गं! म्हातारीच्या बाहेरूनच दिसला. लालभडक! तुझ्यामुळे."

मी म्हटलं, हो, छान दिसतोय.

त्याच्या हाताला कप लावून दिला. उद्या आधी मी क्लेमकडे जाणार आहे, याच्या डोळ्यांचं त्याला कधीपासून माहीत आहे ते विचारायला. बोटीची किल्ली मी पिठाच्या डब्यात घातली आहे.